विशेषनामाचे सामान्यनाम : ‘कॅरन’ या शब्दाचा अर्थविचार

१

विशेषनामाने एका विशिष्ट व्यक्तीचा निर्देश होतो आणि सामान्यनामाने एखाद्या वर्गातील कोणत्याही व्यक्तीचा, हा भेद व्याकरणाच्या पहिल्या पाठातच शिकविला जातो. भाषेच्या प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ही सीमा वारंवार ओलांडली जाते. कळ लावणाऱ्याला ‘नारद’, झोपाळू माणसाला ‘कुंभकर्ण’ किंवा फितुराला ‘सूर्याजी पिसाळ’ म्हणणारा मराठी भाषिक विशेषनामाचा सामान्यनामासारखाच उपयोग करीत असतो. या सर्व उदाहरणांत मूळची एक व्यक्ती, पौराणिक वा ऐतिहासिक, डोळ्यांसमोर असते आणि तिचा एक गुण किंवा अवगुण नावाच्या द्वारे इतरांकडे नेला जातो.

याहून निराळा असा दुसरा प्रकार आहे. ‘कोणीही सोम्यागोम्या’ असे म्हणताना कोणताही मूळचा सोमा अथवा गोमा अभिप्रेत नसतो. ही नावे ज्या थरांत रूढ होती त्या थरांविषयीची वक्त्याची दृष्टीच त्या जोडशब्दात साठलेली दिसते. येथे नाव व्यक्तीची नव्हे, तर वर्गाची खूण म्हणून कामास येते.

अमेरिकेच्या इंग्रजीत गेल्या काही वर्षांत रूढ झालेला आणि आंतरजालामुळे जगभर पसरलेला ‘कॅरन’ हा शब्द या दुसऱ्या प्रकारचा होय. इंग्रजीत विशेषनामापूर्वी सामान्यतः उपपद येत नाही. परंतु या शब्दापूर्वी अनिश्चित उपपद येते, त्याचे अनेकवचन होते, आणि अमुक स्त्री ‘कॅरनसारखी’ वागली असे विशेषणरूपानेही त्याचा वापर होतो. शब्दाचे सामान्यनाम झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा व्याकरण देऊ शकणार नाही. सार्वजनिक स्थळी आपला अधिकार गृहीत धरून वागणारी, क्षुल्लक कारणावरून वरिष्ठांना किंवा पोलिसांना पाचारण करणारी गौरवर्णीय, मध्यमवयीन, सुस्थित स्त्री, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगितला जातो. या अर्थाचे घटक कोणते, ते कोठून आले, आणि शब्दाचा प्रसार होताना त्यांपैकी कोणते गळून पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम हेच नाव का, हा प्रश्न. ‘कॅरन’ हे ‘कॅथरिन’ या नावाचे मूळचे डॅनिश रूप आहे. (ब्रह्मदेशातील करेन लोकांच्या नावाचे रोमन लिपीतील लेखन तसेच असले तरी त्याचा या नावाशी काहीही संबंध नाही.) अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे नवजात बालकांच्या नावांची जी नोंद असते, तीत १९६५ मध्ये मुलींच्या नावांत ‘कॅरन’चा क्रमांक तिसरा होता. त्यानंतर ते सतत मागे पडत गेले आणि २०२० मध्ये पहिल्या आठशे नावांतही उरले नाही. याचा अर्थ असा की, २०२० च्या सुमारास या नावाची स्त्री बहुधा पन्नाशी ओलांडलेली असणार. शिवाय १९६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील सुमारे ८९ टक्के लोक गौरवर्णीय होते. म्हणजे वय आणि वर्ण या दोहोंची सूचना त्या नावात आपोआप सामावली होती. नावाचा कोशगत अर्थ काहीही असो, त्याची सामाजिक सूचकता ही अशी लोकसंख्येच्या इतिहासातून घडते.

या नावाभोवती उपहास जमा होण्याचे नेमके स्थळ दाखविता येत नाही. २००४ च्या ‘मीन गर्ल्स’ या चित्रपटात आणि २००५ मधील डेन कुक या विनोदकाराच्या एका प्रसंगकथनात हे नाव थट्टेसाठी आलेले आहे. पुढच्या दशकात दुकानातील कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून ‘तुमच्या व्यवस्थापकाला बोलवा’ असे फर्मावणाऱ्या स्त्रीची, विशिष्ट केशरचनेसह, व्यंगचित्रे आंतरजालावर फिरू लागली आणि हे नाव त्यांना चिकटले. येथपर्यंतचा अर्थ फारसा गंभीर नाही. तो उद्दाम ग्राहकाचा उपहास आहे, आणि त्यात सेवकवर्गाची न्याय्य चीड व्यक्त होते. या नावाला आज जे वजन आहे ते मात्र दुसऱ्या, फार जुन्या प्रवाहातून आलेले आहे.

३

तो प्रवाह म्हणजे आफ्रिकन-अमेरिकन समाजाची स्वतःची बोली. गुलामगिरीच्या काळापासून या समाजात गौरवर्णीय मालकिणीला ‘मिस ॲन’ आणि मालकाला ‘मिस्टर चार्ली’ अशी सांकेतिक नावे होती. झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिका व मानवशास्त्रज्ञ होत्या. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्लेमच्या बोलीवरील त्यांच्या कथेसोबत जी शब्दसूची आहे, तीत या दोन्ही नावांची नोंद आढळते. जेम्स बाल्डविन यांच्या १९६४ मधील नाटकाच्या शीर्षकातही ‘मिस्टर चार्ली’ आहे. ज्याला उघडपणे नाव ठेवणे धोक्याचे असते त्याला आपसांत एक टोपणनाव द्यावयाचे, ही दुर्बलांच्या भाषेची सर्वत्र आढळणारी युक्ती होय. अशा नावात थट्टा असते. परंतु त्याचे मुख्य कार्य सावधगिरीची सूचना देणे हे असते.

या सावधगिरीचे कारण इतिहासात आहे. मार्च १९३१ मध्ये अलाबामा राज्यात मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गौरवर्णीय स्त्रियांनी बलात्काराचा आरोप केला. ‘स्कॉट्सबरो खटला’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणात पहिल्याच सुनावणीत आठ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. वरिष्ठ न्यायालयांच्या निर्णयांमुळे ती अमलात आली नाही. तथापि त्या तरुणांची अनेक वर्षे कारागृहात गेली. भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावयाची घटना पुढची आहे. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीने न्यायालयात उभे राहून आपला आरोप खोटा असल्याचे सांगितले, तरीही ज्यूरीने आरोपीला दोषीच ठरविले. आरोप करताना त्या स्त्रीच्या शब्दाला असलेली शक्ती तो मागे घेताना नाहीशी झाली. ती शक्ती तिची स्वतःची नव्हतीच. ऐकणाऱ्या यंत्रणेने ती तिच्या शब्दाला आपल्या सोयीनुसार दिलेली होती.

ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाने दुकानातील गौरवर्णीय स्त्रीशी अतिप्रसंग केला, असा बोभाटा झाला. तिचा पती आणि त्याचा सावत्र भाऊ यांनी मुलाला घरातून उचलून नेऊन त्याची हत्या केली. सर्व गौरवर्णीय सदस्यांच्या ज्यूरीने सुमारे एका तासात दोघांनाही निर्दोष सोडले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एका नियतकालिकात आपल्या कृत्याची कबुली दिली. झुंडीने केलेल्या अशा हत्यांना संघराज्याच्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविण्यास २०२२ साल उजाडले. त्या कायद्याला एमेट टिलचेच नाव आहे.

या पार्श्वभूमीवर पाहिले असता, गौरवर्णीय स्त्रीने उच्चारलेली तक्रार कृष्णवर्णीयाला निव्वळ उपद्रव का वाटत नाही, हे ध्यानात येते. तक्रार करणारीला ती किरकोळ वाटली तरी ज्याच्याविरुद्ध ती केली जाते त्याला तिच्या मागे उभी असलेली संपूर्ण यंत्रणा दिसत असते.

४

२०१८ मध्ये हा जुना अनुभव भ्रमणध्वनीच्या चित्रफितींमधून सर्वांसमोर आला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फिया शहरात एका कॉफीगृहात सहकाऱ्याची वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीयांना, काही विकत न घेता बसल्याच्या तक्रारीवरून, पोलिसांनी हातकड्या घालून नेले. त्याच महिन्यात ओकलंड येथील मेरिट सरोवराच्या काठी कोळशाच्या शेगडीवर मांस भाजणाऱ्या कृष्णवर्णीयांविरुद्ध एका गौरवर्णीय स्त्रीने पोलिसांना दूरध्वनी केला. त्या जागी कोळशाच्या शेगडीस परवानगी नाही, एवढाच तिचा आक्षेप होता. मे महिन्यात शेकडो लोकांनी त्याच काठावर शेगड्या पेटवून सामुदायिक भोजन केले आणि निषेधाला उत्सवाचे रूप दिले.

अशा स्त्रियांना प्रथम मिळालेली नावे यमकानुप्रासाची होती: शेगडीच्या तक्रारीवरून ‘बार्बेक्यू बेकी’, पाणी विकणाऱ्या लहान मुलीकडे परवाना मागणारीला ‘परमिट पॅटी’. ‘बेकी’ हे तरुण गौरवर्णीय स्त्रीचे टोपणनाव कृष्णवर्णीयांच्या बोलीत आधीपासून होते. प्रत्येक घटनेसाठी स्वतंत्र नाव पाडण्याची ही रीत फार काळ चालणे शक्य नव्हते. घटना वाढल्या, तशी सर्वांना सामावणाऱ्या एका नावाची गरज निर्माण झाली आणि ‘व्यवस्थापकाला बोलवा’ म्हणणारी कॅरन त्या जागी येऊन बसली. उद्दाम ग्राहकाचा उपहास आणि ‘मिस ॲन’ची जुनी सावधगिरी असे दोन प्रवाह येथे एकत्र झाले.

याच काळात दृढ झालेली एक वाक्यरचनाही उल्लेखनीय आहे. इंग्रजीत मद्य पिऊन वाहन चालविण्याच्या गुन्ह्याला एक ठरीव कायदेशीर शब्दप्रयोग आहे. त्याच धर्तीवर ‘कृष्णवर्णीय असताना वाहन चालविणे’ असा उपरोधिक शब्दप्रयोग पूर्वीच प्रचारात आला होता. २०१८ नंतर ‘कृष्णवर्णीय असताना पोहणे’, ‘कृष्णवर्णीय असताना झोपणे’ अशी त्याची रूपे झाली. कायद्याच्या परिभाषेचा साचा तसाच ठेवून अपराधाच्या जागी वर्ण घातला की, व्यवहारात वर्णच अपराध ठरतो हे सत्य कोणत्याही युक्तिवादावाचून प्रकट होते. अप्रिल विल्यम्स या अभ्यासिकेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बेकी व कॅरन यांच्याविषयीच्या या विनोदी चित्रांचा विचार वर्णविषमतेविरुद्धच्या प्रतिकाराचा एक प्रकार म्हणूनच केला आहे.

५

२५ मे २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये घडलेल्या प्रसंगाने शब्दाचा अर्थ जणू निश्चित केला. उद्यानाच्या ‘रॅम्बल’ नावाच्या भागात कुत्र्याला साखळीने बांधून ठेवण्याचा नियम आहे. ख्रिश्चन कूपर या कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षकाने एका गौरवर्णीय स्त्रीला त्या नियमाची आठवण करून दिली. वाद वाढला, तो चित्रण करू लागला. तेव्हा आपण पोलिसांना बोलावून ‘एक आफ्रिकन-अमेरिकन पुरुष आपल्या जिवाला धोका निर्माण करीत आहे’ असे सांगणार आहोत, असे तिने त्याला बजावले. आणि मग खरोखरच दूरध्वनी करून, आवाज चढवीत, ते सांगितले.

ऑक्सफर्डचे तत्त्वचिंतक जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले की, कित्येक वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे म्हणजेच एक कृती करणे असते. अशी वाक्कृती सफल होण्यासाठी बोलणाऱ्याला योग्य ते स्थान असावे लागते आणि ऐकणाऱ्यांनी ते मानलेले असावे लागते. सेंट्रल पार्कमधील वाक्य या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. दूरध्वनीवरील वाक्याचे बाह्यरूप तक्रारीचे आहे. परंतु तेच वाक्य आधी त्या पुरुषाला ऐकविले गेले तेव्हा ती धमकी होती. वर्णाचा उल्लेख वगळला असता तर धमकीचा बराचसा जोर निघून गेला असता. विशेष हे की, वापरलेली संज्ञा शिष्टसंमत, सभ्य अशीच होती. शब्दांत अपशब्द एकही नाही, आणि तरीही वाक्य वर्णद्वेषाच्या बळावर उभे आहे. वर्णद्वेष शब्दांत शोधणाऱ्याला तो येथे सापडणार नाही. तो बोलणारी, ऐकणारा आणि पोलीस यांच्यातील संबंधात आहे.

त्याच दिवशी मिनीॲपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. पोलिसांना बोलावण्याचा परिणाम काय होऊ शकतो, हे सांगण्यासाठी निराळ्या भाष्याची गरज उरली नाही. सेंट्रल पार्कमध्ये कोणालाही अटक झाली नाही. त्या स्त्रीची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. जुलैमध्ये तिच्यावर खोटी माहिती दिल्याचा आरोप ठेवण्यात आला; त्या खटल्यात सहकार्य करण्यास कूपर यांनी नकार दिला. तिने समुपदेशनाचा कार्यक्रम पूर्ण केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो आरोप मागे घेण्यात आला.

कायद्यानेही या वाक्कृतीची दखल घेतली. ओरेगॉन राज्यात विधिमंडळाच्या कृष्णवर्णीय सदस्या जनेल बायनम २०१८ मध्ये घरोघरी मतदारांना भेटत असता कोणी तरी त्यांच्याविषयी पोलिसांना कळविले होते. त्यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये झालेल्या कायद्यान्वये, वर्णादी कारणांवरून द्वेषाने पोलिसांना बोलावणाऱ्यावर २५० डॉलरपर्यंतच्या भरपाईचा दावा लावता येतो. जून २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याने तशी तरतूद केली. सॅन फ्रान्सिस्को नगराने ऑक्टोबर २०२० मध्ये संमत केलेल्या नियमाच्या लांबलचक शीर्षकातील आद्याक्षरे जुळवली की ‘कॅरन’ हाच शब्द होतो. एक अक्षर तेवढे वेगळे. लोकांनी पाडलेले टोपणनाव अशा रीतीने अधिकृत कागदपत्रांत पोहोचले.

६

शब्दाचा अर्थ असा निश्चित होत असतानाच तो विस्कटू लागला होता. २०२० च्या महासाथीत मुखपट्टी लावण्यास नकार देऊन दुकानात गोंधळ घालणाऱ्या स्त्रीला ‘कॅरन’ म्हटले गेले. उलट, शेजारी नियम पाळीत नाहीत अशी तक्रार करणारीलाही तेच म्हटले गेले. नियम मोडणारी आणि नियमाचा आग्रह धरणारी अशा परस्परविरोधी दोघींना एकच शब्द लागू पडत असेल, तर त्याचा कृतिवाचक आशय संपत आला असून ‘न आवडणारी स्त्री’ एवढाच अर्थ शिल्लक राहत आहे, असे अनुमान काढणे भाग पडते. अर्थविस्तारात शब्दाची व्याप्ती वाढते आणि आशय घटतो, या सर्वपरिचित नियमाचेच हे उदाहरण आहे.

ब्रिटिश लेखिका जुली बिंडेल यांनी २०२० मध्येच हा शब्द स्त्रीद्वेष्टा आणि वर्गीय तुच्छतेचा असल्याचा आक्षेप घेतला. त्यावर तीव्र वाद झाला. शब्द ज्या समाजाने घडविला त्याचा अनुभव या आक्षेपात दुर्लक्षिला गेला, हे प्रत्युत्तर योग्य होते. परंतु आक्षेपातही तथ्य आहे. तसेच वागणाऱ्या पुरुषासाठी ‘केन’, ‘केव्हिन’ अशी नावे सुचविली गेली; त्यांपैकी कोणतेही तितकेसे रुजले नाही. पोलिसांना अकारण बोलावणारे पुरुष नाहीत, असे मुळीच नव्हे. स्त्रीने आवाज चढविला की तो दोष मानण्याची समाजाची सवय जुनी असल्याने स्त्रीवाचक शब्दाला तयार भूमी मिळाली, हेच त्याचे कारण संभवते. सदोष औषध परत करणारी ग्राहक, वैद्यकीय दुर्लक्षाचा जाब विचारणारी रुग्ण, यांना या एका शब्दाने गप्प करता येते.

भारतातील इंग्रजीमिश्रित बोलण्यातही हा शब्द आला आहे. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांत भाडेकरूंशी किंवा रखवालदाराशी वाद घालणाऱ्या बाईंना तरुण मंडळी ‘कॅरन’ म्हणतात, तेव्हा शब्दातील वर्णाचा संदर्भ अर्थातच गळालेला असतो. येथे कोणाची तक्रार ऐकली जाते आणि कोणाची नाही, हे जात, वर्ग, भाषा यांवर ठरते. त्या संबंधांचे नाव या उसन्या शब्दात नाही. त्यामुळे तो वापरून भांडखोरपणाची थट्टा होते, परंतु रखवालदार उलट का बोलू शकत नाही, हा प्रश्न विचारला जात नाही.

७

वरील विवेचनावरून ‘कॅरन’ या शब्दाच्या पूर्ण अर्थाचे तीन घटक मानता येतील: सर्वांच्या असलेल्या जागेवर आपली मालकी गृहीत धरणे, त्या मालकीसाठी अधिकाऱ्याला पाचारण करणे, आणि येणारा अधिकारी आपल्याच दृष्टीने पाहील, याची खात्री असणे. तिसरा घटक निर्णायक आहे, कारण विशेषाधिकार त्यातच वसतो. केशरचना, वय, लिंग किंवा प्रत्यक्ष नाव यांपैकी काहीही या घटकांत मोडत नाही. त्या केवळ खुणा आहेत, आणि खुणेवरून माणसाची पारख करणे याच प्रवृत्तीविरुद्ध हा शब्द प्रथम उभा राहिला होता.

कृतीला दिलेले नाव व्यक्तींच्या वर्गाला चिकटले की कृती करणारे इतर सर्व त्यातून सुटतात आणि न करणारे सापडतात. ‘मिस ॲन’ हे नाव आपसांत कुजबुजणाऱ्यांना कोणापासून सांभाळून राहावयाचे ते नेमके ठाऊक होते. सर्वतोमुखी झालेल्या ‘कॅरन’ या शब्दाला ती नेमकेपणाची मर्यादा राहिलेली नाही. हा शब्द पुढे टिकेल किंवा त्याची जागा दुसरे एखादे नाव घेईल. ‘मिस ॲन’ आणि ‘कॅरन’ यांच्यामधील दीर्घ काळ पाहता, ज्या संबंधाचा तो वाचक आहे तो संबंध असेतोवर त्याला कोणते ना कोणते नाव मिळत राहील, असे मानण्यास मात्र पुरेसा आधार आहे.